थंडीतली मोटारसायकल : चालू करताना आणि अंधारात चालवताना



दिवाळी सरली, गहू-हरभऱ्याची पेरणी उरकली, की आपल्या मोटारसायकलचे काम वाढते. पहाटे डेअरीवर दूध घालायचे, भाजीच्या जुड्या बाजाराला न्यायच्या, आणि विजेची पाळी रात्रीची असली तर मध्यरात्री मोटार चालू करायला मळ्यात जायचे. थंडी कडक असते ती नेमकी याच वेळी. निफाडकडे काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली उतरलेला आहे. त्यातच हे दिवस उसाच्या गाळपाचे. काळोख, धुके आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या एकाच रस्त्यावर येतात.

थंडीत गाडी लवकर चालू होत नाही, ही तक्रार सगळ्यांचीच. पण बंधूंनो, चालू न होणारी गाडी फार तर वेळ खाते. चालू झालेली गाडी वेळेवर थांबली नाही तर माणूस जातो. म्हणून या पत्रकात दोन्ही गोष्टी सांगत आहोत.

गाडी चालू का होत नाही?

पेट्रोल पातळ असताना नीट पेटत नाही. त्याची वाफ होऊन हवेत मिसळावी लागते. इंजिन गार असले की वाफ कमी होते, म्हणून जुन्या गाड्यांना चोक दिलेला असतो. चोक ओढला की हवा कमी आत जाते आणि पेट्रोलचे प्रमाण वाढते.

चोकच्या गाडीला पेट्रोलचा कॉक उघडावा. चोक पूर्ण ओढून, चावी बंद ठेवूनच दोन-तीन किका माराव्यात. मग चावी लावून, रेस न देता किक मारावी. इंजिन लागले की अर्धा-एक मिनिट चालू द्यावे आणि चोक परत ढकलावा. हे विसरू नका. चोक तसाच राहिला तर प्लग काळा पडतो आणि न जळलेले पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होते.

एप्रिल 2020 पासून धुराचे नियम कडक झाले, तेव्हापासूनच्या बहुतेक नव्या गाड्यांना चोक नाही. त्यांत पेट्रोल किती सोडायचे ते यंत्रच ठरवते. अशा गाडीची चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक आवाज येतो. दोन-तीन सेकंदांत तो थांबला की मगच बटण दाबावे. रेस पिळू नये.

इंजिन लागल्यावर जागेवरच रेस देऊन बोंबलत ठेवू नका. थोडा वेळ चालू देऊन पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश जा, इंजिन चालता चालता गरम होते. आणि एक महत्त्वाची सूचना : बंद खोलीत किंवा बंद गोठ्यात इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. माणूस आणि जनावर दोघेही नकळत गुदमरतात. गाडी गरम व्हावी म्हणून तिच्याजवळ शेकोटी पेटवणे तर पेट्रोलला काडी लावण्यासारखेच आहे.

बॅटरी, ऑइल आणि पेट्रोल

थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तिची ताकद घटते. बटण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये दहा सेकंद विसावा द्या. बॅटरीच्या टोकांवर पांढरट पूड जमली असेल तर ती काढून टोके घट्ट बसवा आणि थोडे पेट्रोलियम जेली लावा. मीटरवर चांगली भरलेली बॅटरी, गाडी बंद असताना, साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते.

इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितले आहे तेच घाला. डब्यावर 10डब्ल्यू-30 असे आकडे असतात. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत लवकर वाहते. काळे, जुने झालेले ऑइल हिवाळा लागण्याआधीच बदलून घेतलेले बरे.

2025 सालापासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसापासून आणि मका-तांदळापासूनही बनते. इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी तळाला ठेवू नका, भरून ठेवा. टाकीचे झाकण घट्ट बसते का ते पाहा आणि गाडी दहिवरात उघड्यावर ठेवू नका.

हवा, चेन आणि ब्रेक

गारव्याने टायरमधली हवा आकसते. तापमान दहा अंशांनी उतरले तर प्रेशर सुमारे दोन पौंडांनी कमी भरते. महिन्यातून दोनदा, टायर गार असताना हवा तपासा. मागे माणूस किंवा दुधाचे कॅन नेणार असाल तर मागच्या चाकाला पुस्तिकेप्रमाणे जास्त हवा लागते.

चेन फार सैल नको, फार ताणलेलीही नको. बहुतेक गाड्यांत मधोमध बोटाने वर-खाली केली तर 20 ते 30 मिलिमीटर हलावी. तेल गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना द्यावे म्हणजे ते आतपर्यंत मुरते. क्लच आणि ब्रेकच्या वायरींनाही थेंब-थेंब तेल द्या. गारठलेल्या बोटांना जड वायर ओढवत नाही.

अंगावर काय घालावे?

चालत्या गाडीवर वारा अंगातली ऊब ओढून नेतो. छातीवर वारा अडवणारे जाड जाकीट आणि हातांत मोजे हवेतच. बोटे बधिर झाली तर ब्रेक उशिरा दाबला जातो. शाल, मफलर, पदर आणि ओढणी यांची टोके आत खोचा. ती चाकात किंवा चेनमध्ये अडकून गळफास बसतो. आयएसआय खुणेचे हेल्मेट पट्टा लावून वापरा, मागे बसणाऱ्यालाही द्या. हेल्मेट वारा आणि थंडीसुद्धा अडवते. काचेवर वाफ धरली तर काच बोटभर उघडी ठेवा.

“घोटभर घेतली की ऊब येते” असे काही जण म्हणतात. ते खरे नव्हे. दारूने कातडी गरम वाटते, पण अंगातली ऊब उलट बाहेर जाते आणि नजर व हात ढिले पडतात.

अंधाराचे गणित

ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. समोरचे दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच. पुढे गाडी थांबेपर्यंत आणखी सुमारे 12 मीटर. एकूण 23 मीटर, म्हणजे 75 फूट झाले.

वेग 60 केला तर? तोच हिशेब 45 मीटरवर, म्हणजे जवळजवळ 150 फुटांवर जातो. वेग दीडपट झाला, पण थांबायला जागा दुप्पट लागली. हा हिशेब कोरड्या रस्त्याचा आणि चांगल्या ब्रेकचा आहे. दहिवराने ओल्या रस्त्यावर, सांडलेल्या पाचटावर किंवा मळीवर आणि गाडीवर ओझे असताना याहून जास्त जागा लागते.

आता समजा, बिनदिव्याची ट्रॉली तुम्हाला 30 मीटरवर दिसली. ताशी 40 ने येणारा थांबेल, 60 ने येणारा तिच्यावर आदळेल. म्हणून नियम एकच : आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते, तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. समोरून येणाऱ्याच्या प्रकाशाने डोळे दिपले तर आणखी कमी करा. धुक्यात अप्पर लावू नका, उजेड उलटून डोळ्यांवर येतो. डिपरच ठेवा. दोन्ही ब्रेक बरोबर आणि हलके दाबा.

ट्रॉली आणि बैलगाडी आपलीच असते

रस्त्यावर उभी असलेली ट्रॉली कोणाची? आपल्यातल्याच कोणाची तरी. म्हणून ट्रॉलीवाल्यांनी आणि गाडीवानांनी मागे लाल, पुढे पांढरी चमकपट्टी लावावी. उसाची टोके लोंबून दिवे व पट्ट्या झाकतात, त्या उघड्या ठेवाव्यात. बैलांच्या शिंगांना आणि जुवालाही पट्टी लावता येते. ट्रॉली बिघडली तर रस्त्यावरून खाली घ्या. चाकाला लावलेले दगड निघताना उचला. मागे राहिलेला एक दगड मोटारसायकलवाल्याचा जीव घेऊ शकतो.

मोटारसायकलवाल्यांनीही दुधाचे कॅन किंवा चाऱ्याचा भारा मागचा दिवा झाकत नाही ना, हे बघावे.

अपघात दिसला तर 108 ला फोन करा. जखमीची मान हलवू नका, पाणी पाजू नका. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला तिच्यामुळे संरक्षण मिळते. तेव्हा भिऊन निघून जाऊ नका.

निघण्यापूर्वी पाहा

1. पुढचा, मागचा आणि ब्रेकचा दिवा लागतो का?
2. चोक परत ढकलला का? स्टँड वर घेतले का?
3. दोन्ही ब्रेक धरतात का? टायरात हवा आहे का?
4. हेल्मेटचा पट्टा लावला का? शालीची टोके आत खोचली का?
5. मागचा दिवा ओझ्याने झाकला तर नाही ना?

गाडी ठेवता त्या जागी भिंतीवर हे पत्रक चिकटवून ठेवा. पाच मिनिटे लवकर उठा आणि सावकाश जा. दूध थोडे उशिरा पोचले तरी चालेल. घरचा माणूस घरी पोचला पाहिजे.