बोअरच्या मोटरीतले प्लास्टिक

शेतातल्या बोअरमध्ये सोडल्या जाणाऱ्या अनेक सबमर्सिबल मोटरींच्या पोटात स्वच्छ पाणी मुद्दाम भरलेले असते. ते बेअरिंगला वंगणासारखे उपयोगी पडते आणि वाइंडिंगची उष्णता बाहेर नेते. 415 व्होल्टची तार अशा पाण्यात वर्षानुवर्षे सुखरूप राहते ती प्लास्टिकच्या जोरावर. पंख्याच्या तारेला इनॅमलचा पातळ थर पुरतो. इथे तांब्यावर पीव्हीसी चढवतात किंवा पॉलिएस्टर फिल्म आणि पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्या गुंडाळतात.

या आवरणाला उष्णता मात्र सोसत नाही. कोरड्या मोटरीतले ‘एफ’ वर्गाचे इन्सुलेशन 155 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. पीव्हीसी साधारण 70 अंशांपुढे मऊ पडू लागते. गावाकडे व्होल्टेज पडले की तेवढेच पाणी उपसायला मोटर जास्त करंट ओढते, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट सव्वापट झाला की उष्णता दीडपटीच्याही वर जाते. त्यात उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली, तर मोटरीला गारवा देणारे बाहेरचे पाणीही नाहीसे होते. आवरण मऊ पडते, तारा एकमेकींना भिडतात आणि मोटर जळते. ऐन हंगामात मोटर वर काढून रिवाइंडिंग करण्याचा खर्च आणि तोवर सुकणारे पीक पाहता, कमी व्होल्टेज व कोरडी चाल ओळखून मोटर बंद करणारा पॅनेल शेतकऱ्याच्या गरजेचाच आहे.

पंपाच्या बाजूला प्लास्टिकने धातूचीच जागा घेतली. किर्लोस्करवाडी-कोल्हापूर पट्ट्यात ओतकामाची परंपरा जुनी; पण आता बोअरच्या पुष्कळ पंपांत ‘नॉरिल’चे इम्पेलर (पाणी ढकलणारी फिरती चक्रे) असतात. पॉलिफिनिलीन ईथर आणि पॉलिस्टायरीन यांचे हे मिश्रण अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने 1960च्या दशकात बाजारात आणले. ते गंजत नाही, साच्यातून गुळगुळीत निघते आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. नायलॉन-66 अधिक चिवट खरे, पण ते वजनाच्या सुमारे 8 टक्के पाणी पिऊन फुगते आणि इम्पेलरभोवतीची बारीक फट बिघडते. हेच नायलॉन काचतंतू मिसळून बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) पंख्यात तार गुंडाळायच्या बॉबिनला उत्तम चालते, कारण तिथे ते कोरडे राहते.

रेतीमिश्रित पाण्यात नॉरिलही झिजते. मोटरीचे बाहेरचे नळकांडे मात्र स्टेनलेस स्टीलचेच बरे. साध्या प्लास्टिकमधून स्टीलच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहते, आणि या मोटरीची सगळी उष्णता त्याच नळकांड्यातून बोअरच्या पाण्यात जायची असते.