गादी सुकत का नाही?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जाणाऱ्या लाँचच्या केबिनमधली गादी समुद्राच्या पाण्याने भिजली, तर दिवसभर उन्हात ठेवूनही रात्री पुन्हा दमट लागते. असे का होते?

उन्हाने पाणी उडून जाते. क्षार मात्र खोळीत आणि आतल्या फोममध्ये तसेच राहतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम असतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतली वाफ शोषून विरघळू लागते. समुद्राच्या क्षारांतले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच पाणी धरते. मुंबईच्या पावसाळ्यात मग गादी सुकणार कशी? अशा ओलीतच बुरशी वाढते आणि दम्याच्या रुग्णाला त्रास होतो.

म्हणून खोळ व फोम आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा बुडवून धुवावेत, साबण त्यानंतर. खाऱ्या पाण्यात त्याला फेस येत नाही. फोम पिळू नये, दाबून पाणी काढावे आणि वाऱ्यावर उभा करून वाळवावा.

वर्गात आपण हे पडताळून पाहू. सारख्या वजनाचे दोन रुमाल घेऊ. एक गिरगाव चौपाटीच्या पाण्यात, दुसरा नळाच्या पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवू आणि लगेच तोलू. रात्रभर वर्गात टांगून सकाळी पुन्हा तोलू. कोणाचे वजन जास्त वाढले, आणि का, हे मुलांनाच सांगू द्या.