अब्दुल हमीद यांच्या खांद्यावर बझुका नव्हता

छत्रपती संभाजीनगरहून दोन-अडीच तासांवर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहे. तिथं पॅटन रणगाड्यापुढे उभं राहिलं की कुणीतरी मुलांना हमखास सांगतं, "अब्दुल हमीदनं असले रणगाडे खांद्यावरच्या बझुकानं उडवले." २६ जानेवारीच्या नाटुकल्यांत हमीद झालेल्या मुलाच्या खांद्यावरही रंगवलेला पाईप असतोच. किती वेळा सांगायचं? खांद्यावर काहीही नव्हतं.

हमीद ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. भारत-पाक युद्धात १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागातल्या चीमा गावाजवळ ते आरसीएल, म्हणजे रिकॉइललेस तोफेच्या, तुकडीचं नेतृत्व करत होते. परमवीर चक्राचं मानपत्र वाचा, तोफ जीपवर बसवलेली होती असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ती १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. वजन दोनशे किलोंच्या पुढे. ती कुणाच्या खांद्यावर मावणार?

एवढ्या तपशिलासाठी चिडायचं कशाला, असं काहीजण विचारतात. चिडायचं, कारण त्यांचं शौर्य कळायला तोच तपशील लागतो. या तोफेत स्फोटाचा वायू मागून बाहेर सोडतात, त्यामुळे तोफेला धक्का बसत नाही. पण त्याच वायूमुळे मागे आगीचा लोळ उठतो, धुळीचा ढग उडतो आणि पहिल्याच गोळ्याला शत्रूला तुमचा ठावठिकाणा कळतो. खांद्यावर शस्त्र असलेला जवान निदान चारीत अंग चोरून बसू शकतो. उघड्या जीपला पोलादी कवच नसतं. म्हणून गोळा मारायचा आणि लगेच जागा बदलायची. हमीद यांनी तेच केलं. बाजूने जाऊन पुढचा रणगाडा निकामी केला, जागा बदलून दुसरा पेटवला. तोवर शत्रूनं त्यांना हेरलं होतं. मशीनगन आणि तोफगोळ्यांचा मारा सुरू असतानाही ते आणखी एका रणगाड्यावर गोळे डागत राहिले आणि तोफगोळा लागून कोसळले. हातात पाईप दिला की यातलं निम्मं धाडस पुसलं जातं.

रणगाड्याच्या अगदी जवळ जाऊन खांद्याला लावलेल्या शस्त्राने तो फोडणारा जवान मुलांना दाखवायचाच असेल, तर सिक्कीमचे गंजू लामा आहेत. १२ जून १९४४, मणिपुरातलं निंगथौखोंग. जखमी अवस्थेत, मनगट मोडलेलं असताना, ते सरपटत जपानी रणगाड्यांपासून सुमारे तीस यार्डांवर गेले आणि पियाट या स्प्रिंगवर चालणाऱ्या शस्त्राने एकामागून एक दोन रणगाडे निकामी केले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसरा गैरसमज असा, की बझुका एकदा वापरून टाकून देतात. नाही. १९४२ चा अमेरिकी बझुका पुन्हा पुन्हा भरता येई. एका गोळ्यापुरतं शस्त्र मोठ्या प्रमाणावर आणलं ते १९४३ मध्ये जर्मनांनी. त्याचं नाव पँझरफाउस्ट. पहिल्या नमुन्यांचा पल्ला जेमतेम तीस मीटर, आणि नळी बहुधा काखेत धरत. पण त्यासाठी खास तुकडी लागत नव्हती, कुठल्याही शिपायाच्या हाती देता येत होतं. १९६० च्या दशकात अमेरिकेने ६६ मिलिमीटरचं एम-७२ आणलं. अडीच किलोंच्या आसपास वजन, नळी ओढून लांब करायची, एकदा झाडायचं आणि सोडून द्यायचं. त्याची नळी हेच त्या रॉकेटचं खोकं असतं, त्यामुळे "फेकली म्हणजे केवढी नासाडी" या तक्रारीला फारसा अर्थ नाही.

आणखी एक गैरसमज: या शस्त्रांच्या गोळ्यातून निघणारी तांब्याची धार पोलाद वितळवते. नाही. सेकंदाला काही किलोमीटर वेगाने आलेल्या धारेच्या दाबाने पोलाद बाजूला सरतं.

सिनेमातला नायक बंद खोलीतून, मागे मित्र उभा असताना रॉकेट डागतो. साध्या नळीच्या मागून सुटणाऱ्या लोळात तो मित्र भाजून मरेल.

आणि आपल्या जवानांकडचा, खांद्यावरून डागायचा कार्ल गुस्ताफ? १९७० च्या दशकापासून तो सेनेत आहे आणि पुन्हा भरता येतो. एकदाच वापरायच्या एटी-४ ची भारतासाठी निवड झाल्याचं जाहीर झालं ते जानेवारी २०२२ मध्ये.