बॅटरी बदलण्याआधी: चार्जिंगमधला दोष कसा शोधाल?

सकाळी गाडी सुरू झाली नाही की बहुतेक लोक नवी बॅटरी घेतात. तुम्ही आधी मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती पूर्ण चार्ज आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर आकडा फसवा, जास्त दिसतो.

आता इंजिन 2000 आरपीएमवर ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावा. 13.8 ते 14.5 व्होल्ट अपेक्षित आहेत. (अल्टरनेटर ईसीयूच्या ताब्यात असेल तर हा आकडा मुद्दाम वरखाली केला जातो, तिथे मॅन्युअल पाहा.) 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर रोटरचा फील्ड करंट आवरत नाही, असा संशय घ्या. बॅटरीतले पाणी वारंवार आटते तेही यामुळेच.

आकडा 13 च्या खाली राहिला तरी अल्टरनेटर लगेच उतरवू नका. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी-प्लस टर्मिनलवर, दुसरी बॅटरीच्या धन टोकावर ठेवा. समजा 1.1 व्होल्ट दिसले आणि करंट 50 अँपिअर आहे. मग त्या वायरीत आणि जोडांत रोध फक्त 0.022 ओहम, पण बॅटरी उपाशी ठेवायला तेवढा पुरतो. इंजिनची बॉडी आणि ऋण टोक यांच्यातही असेच मोजा. गंजलेली अर्थिंग इथेच सापडते.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघण्याची गॅरेजमधली जुनी रीत मात्र कटाक्षाने टाळा. रोटरचे चुंबकीय क्षेत्र क्षणात ओसरत नाही, व्होल्टेज एकदम उसळते आणि ईसीयू जळू शकतो.