दुर्मीळ साधनांचे मोल : रेषीय नियोजनातील द्वैत प्रश्नाचा अर्थ

उद्योगधंद्याच्या व्यवस्थापनात वारंवार उद्भवणारा एक प्रश्न असा, की कच्चा माल, यंत्रे, मनुष्यबळ ही साधने मर्यादित आहेत आणि ती अनेक कामांस उपयोगी पडतात. तर कोणत्या कामास त्यांतील किती वाटा द्यावा? साधनांवरील मर्यादा आणि साधावयाचे उद्दिष्ट ही दोन्ही एकघाती संबंधांनी मांडता येत असतील, तर या प्रश्नाचे उत्तर काढण्याच्या गणिती पद्धतीस लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. प्रस्तुत लेखात तीस रेषीय नियोजन असे संबोधिले आहे.

ही पद्धती आता पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्थिरावली असून संगणकाच्या साहाय्याने हजारो चलांचे प्रश्न अल्पावधीत सुटतात. यामुळेच एक समजूत रूढ होऊ पाहत आहे, ती ही की, कोणती वस्तू किती करावी हे कळले म्हणजे नियोजकाचे काम संपले. वस्तुतः प्रत्येक रेषीय प्रश्न सोडविताना दुसरे एक उत्तर सोबत येते. ते साधनांचे मोल सांगते. हे दुसरे उत्तर नीट वाचता येणे व्यवहारात पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते चुकीचे वाचले गेल्यास त्यापासून अपायही होतो, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू होय.

१. प्रश्नाचा उगम

१९३८ मध्ये लेनिनग्राड येथील तरुण गणिती लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे प्लायवुड ट्रस्टच्या प्रयोगशाळेतील अभियंते एक अडचण घेऊन आले. लाकडाचे पातळ पापुद्रे काढणारी आठ यंत्रे होती आणि माल पाच प्रकारचा होता. प्रत्येक यंत्राचा वेग प्रत्येक मालाच्या बाबतीत निराळा पडे. कोणते यंत्र कोणत्या मालास लावावे, म्हणजे ठराविक प्रमाणात अधिकाधिक उत्पादन होईल? प्रश्न दिसावयास लहान. परंतु शक्य त्या साऱ्या योजना एकेक करून तपासावयाच्या म्हटल्यास बारा अज्ञातांची समीकरणे अब्जाच्या घरात वेळा सोडवावी लागली असती. कांतोरोविच यांनी प्रश्नातील अटींस एकेक गुणक जोडला आणि त्या गुणकांच्या आधारे उत्तम योजना शोधण्याची रीत १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. या गुणकांस त्यांनी ‘निर्णायक गुणक’ म्हटले.

पुढे त्यांच्या ध्यानी आले की, हे गुणक म्हणजे केवळ आकडेमोडीची सोय नव्हे; त्यांत साधनांच्या दुर्मीळतेचे माप आहे. नेमकी हीच गोष्ट त्या काळच्या सोव्हिएत अर्थशास्त्रास मानवण्यासारखी नव्हती, कारण मूल्य श्रमातून निर्माण होते हा तेथील अधिकृत सिद्धान्त होता. या विचाराचा विस्तार करणारे, १९४२ मध्ये लिहून झालेले त्यांचे पुस्तक १९५९ मध्ये प्रकाशात आले. दरम्यान अमेरिकेत जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धती सिद्ध केली, आणि त्याच वर्षी जॉन फॉन नॉयमन यांनी प्रत्येक रेषीय प्रश्नास जोडून असणाऱ्या द्वैत प्रश्नाची कल्पना त्यांच्यापुढे मांडली. साधनांच्या इष्टतम वाटपाच्या सिद्धान्तासाठी १९७५ चे नोबेल स्मृती पारितोषिक कांतोरोविच आणि त्यालिंग कोपमन्स यांना विभागून देण्यात आले.

२. एक उदाहरण

विषय मूर्त व्हावा म्हणून सोलापूरकडील एखाद्या लहान यंत्रमाग कारखान्याची कल्पना करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. कारखाना चादरी व टॉवेल विणतो. विक्रीच्या किमतीतून सूत, रंग व नगावर द्यावयाची मजुरी वजा जाता जी रक्कम उरते, तीस आपण अंशदान म्हणू. एक डझन चादरींचे अंशदान ६०० रुपये व एक डझन टॉवेलांचे ३०० रुपये आहे. एक डझन चादरींस १५ किलो सूत, मागाचे ६ तास व शिलाईचे २ तास लागतात. एक डझन टॉवेलांस ५ किलो सूत, मागाचे ४ तास व शिलाईचे ३ तास लागतात. आठवड्यास १५०० किलो सूत, मागाचे ८४० तास व शिलाईचे ५४० तास उपलब्ध आहेत. चादरी क्ष डझन व टॉवेल य डझन मानल्यास प्रश्न असा मांडता येतो :

६००क्ष + ३००य हे महत्तम करावयाचे;
सूत : १५क्ष + ५य ≤ १५००
माग : ६क्ष + ४य ≤ ८४०
शिलाई : २क्ष + ३य ≤ ५४०
क्ष व य ऋण नाहीत.

अनुभवी व्यवस्थापकाचा पहिला विचार असा होईल की, डझनामागे चादरींचे अंशदान दुप्पट आहे, तेव्हा चादरीच विणाव्यात. तसे केल्यास १०० डझन चादरींतच सूत संपते, मागाचे २४० तास रिकामे जातात आणि हाती ६०,००० रुपये येतात. दुसरा म्हणेल, किलोमागे हिशेब करा. किलोभर सुतामागे चादर ४० रुपये देते, तर टॉवेल ६० रुपये देतो. म्हणून टॉवेलच विणावेत. मग १८० डझनांवर शिलाईचे तास संपतात व ५४,००० रुपयेच मिळतात. तिसरा मागाच्या तासावर हिशेब मांडील, आणि त्याला पुन्हा चादर श्रेष्ठ दिसेल. कारण तासामागे तिचे १०० रुपये होतात व टॉवेलाचे ७५. तिघांचेही तर्क सयुक्तिक आहेत, पण प्रत्येकाने एकच साधन दुर्मीळ मानले आहे.

आलेख काढून पाहिल्यास शक्य योजनांच्या बहुभुजाकृतीचे शिरोबिंदू (०, ०), (१००, ०), (६०, १२०), (३६, १५६) व (०, १८०) हे मिळतात. उद्दिष्ट एकघाती असल्याने महत्तम मूल्य शिरोबिंदूवरच सापडते. ६० डझन चादरी व १२० डझन टॉवेल या योजनेत अंशदान ७२,००० रुपये होते, आणि हेच सर्वांत अधिक आहे. या योजनेत सूत व माग पूर्णपणे उपयोगात येतात. शिलाईचे ६० तास मात्र शिल्लक राहतात.

३. द्वैत प्रश्न

आता हाच प्रश्न उलट्या बाजूने पाहू. समजा, एखादा व्यापारी कारखान्याची तिन्ही साधने आठवडाभरासाठी स्वतःकडे मागू लागला. एक किलो सुतास बाजारभावावर प रुपये अधिक, मागाच्या एका तासास फ रुपये आणि शिलाईच्या एका तासास ब रुपये तो देऊ करतो. एकूण रक्कम कमीत कमी असावी अशी त्याची इच्छा. परंतु एक डझन चादरींस लागणाऱ्या साधनांबद्दल ६०० रुपयांहून कमी मिळत असतील तर मालक ती देणार नाही. टॉवेलांच्या बाबतीत हीच सीमा ३०० रुपयांची. म्हणून :

१५००प + ८४०फ + ५४०ब हे लघुतम करावयाचे;
१५प + ६फ + २ब ≥ ६००
५प + ४फ + ३ब ≥ ३००
प, फ व ब ऋण नाहीत.

याचे उत्तर प = २०, फ = ५०, ब = ० असे येते. एकूण रक्कम ३०,००० आणि ४२,००० मिळून ७२,००० रुपये, म्हणजे मूळ प्रश्नाच्या उत्तराइतकीच होते. ही समता योगायोगाची नाही. मूळ प्रश्नास सांत इष्टतम उत्तर असेल, तर द्वैत प्रश्नासही असते व दोन्ही मूल्ये समान असतात, हा द्वैत सिद्धान्तच होय. या किमतींस छाया-किंमत म्हणतात. जे साधन शिल्लक राहते त्याची छाया-किंमत शून्य असते, ही गोष्टही येथे स्पष्ट दिसते.

४. छाया-किमतीचा उपयोग

छाया-किमतीचा अर्थ एवढाच की, ते साधन एका एककाने वाढले असता उत्तम योजनेचे अंशदान कितीने वाढेल. यावरून व्यवहारातील तीन निर्णय सुलभ होतात.

पहिला खरेदीचा. जादा सूत बाजारभावापेक्षा किलोमागे २० रुपयांपर्यंत महाग मिळाले तरी ते घेणे परवडते. सुताचा बाजारभाव अंशदानातून आधीच वजा झाला आहे. म्हणून २० रुपये ही सुताची संपूर्ण किंमत नव्हे, बाजारभावावरील अधिक रक्कम आहे. हा भेद विसरल्याने अनेकांचे हिशेब चुकतात.

दुसरा निर्णय जादा कामाचा. माग आणखी तासभर चालविण्यास येणारा अधिक खर्च ५० रुपयांहून कमी असेल, तर तो करावा.

तिसरा निर्णय नव्या वस्तूचा. पडद्यांची मागणी आली. एका डझनास १० किलो सूत व मागाचे ८ तास लागतात, अंशदान ५५० रुपये आहे. टॉवेलांच्या मानाने हे आकर्षक वाटते. तथापि त्यासाठी लागणारी साधने सध्याच्या योजनेत २०० व ४०० मिळून ६०० रुपये मिळवीत आहेत. म्हणजे प्रत्येक डझन पडद्यांमागे कारखान्याचे ५० रुपयांचे नुकसानच होईल. संपूर्ण प्रश्न पुन्हा न सोडविता हा निष्कर्ष निघतो.

५. छाया-किमतीची मर्यादा

येथवर सारे सरळ आहे. परंतु छाया-किंमत ही सीमेवरची किंमत आहे, आणि ती विशिष्ट कक्षेतच टिकते. अन्य साधने तीच ठेवल्यास सुताची २० रुपये ही किंमत १३२० ते २१०० किलो या दरम्यानच खरी आहे. मागाच्या तासाची ५० रुपये ही किंमत ६०० पासून सुमारे ८९१ तासांपर्यंत टिकते. म्हणजे जादा कामाचे पहिले ५१ तास लाभाचे. त्यापुढे शिलाईचे तास अपुरे पडू लागतात आणि मागाच्या तासाचे मोल एकदम शून्यावर येते. ‘तासास ५० रुपये’ हे वाक्य ऐकून जो नवे माग विकत घेईल, त्याची फसगत होईल.

याहून गंभीर चूक शून्याच्या बाबतीत घडते. शिलाईची छाया-किंमत शून्य आली, म्हणून शिलाई विभागाची काही किंमतच नाही असा अर्थ लावून एखाद्याने तेथील कामगार चौथाईने कमी केले असे समजू. तास ५४० वरून ४०५ वर येतील. पहिले ६० तास कमी झाल्याने खरोखरच काही बिघडत नाही. परंतु ४८० च्या खाली गेल्यावर प्रत्येक तासामागे सुमारे ४३ रुपयांची तूट येऊ लागते, आणि उरलेल्या ७५ तासांपायी आठवड्यास सुमारे ३२१४ रुपये बुडतात. शिलाई सर्वस्वी बंद झाली, तर एकही चादर व एकही टॉवेल तयार होणार नाही. आणखी एका तासाचा उपयोग नाही, याचा अर्थ असलेल्या तासांचा उपयोग नाही असा मुळीच होत नाही. कामगारांच्या उपजीविकेशी ज्याचा संबंध पोहोचतो, अशा निर्णयात हा भेद न कळणे अक्षम्य आहे.

याशिवाय मूळ गृहीते ध्यानात ठेवावयास हवीत. उत्पादन व साधने यांचे प्रमाण स्थिर असते, निरनिराळ्या वस्तूंच्या गरजांची साधी बेरीज होते, अपूर्णांकातील उत्पादन शक्य असते आणि सारे आकडे निश्चित असतात, असे येथे मानले आहे. एका मालावरून दुसऱ्यावर माग लावताना जाणारा वेळ, किंवा भाव पडण्याची शक्यता यांत येत नाही. माग अर्धा विकत घेता येत नाही. अशा प्रश्नांसाठी पूर्णांकी नियोजनाच्या वेगळ्या पद्धती आहेत, आणि त्यांत छाया-किमतीचा हा सरळ अर्थ तसाच्या तसा लागू पडत नाही.

६. समारोप

उत्तर काढण्याच्या पद्धती पुष्कळ पुढे गेल्या आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना, बहुभुजाकृतीच्या कडेने न जाता तिच्या अंतर्भागातून इष्टतम बिंदूकडे जाणारी पद्धती मांडली, आणि विशाल प्रश्नांच्या गणनेस नवी दिशा मिळाली. तथापि मार्ग कडेचा असो वा अंतर्भागाचा, द्वैत प्रश्नाचा अर्थ बदलत नाही. आकडेमोड यंत्र करील. कोणत्या साधनाचे मोल किती, ते किती अंतरापर्यंत खरे, आणि उद्दिष्ट म्हणून ज्याचे महत्तमीकरण केले तेच आपणांस खरोखर हवे होते काय, हे प्रश्न मात्र यंत्र विचारीत नाही. ते नियोजकानेच विचारावयाचे असतात. म्हणून अभ्यासकांनी प्रत्येक उत्तरासोबत छाया-किमती व त्यांच्या कक्षा मांडण्याची सवय आरंभापासूनच लावून घेणे श्रेयस्कर होय.