धक्क्यांची वही

खर्डीच्या बाजूचे एक निवृत्त शिक्षक रक्तदाब तपासायला आमच्या सरकारी रुग्णालयात येतात. घरी मोजलेला रक्तदाब तारीख आणि वेळ टाकून वहीत लिहून आणायचा, ही त्यांची शिस्त. एकदा ती वही चाळताना मी म्हणालो, "गुरुजी, इतकी नीट नोंद ठेवणारे रुग्ण फार थोडे." ते हसले. "सवय जुनी आहे डॉक्टर. त्र्याऐंशी साली मी धक्क्यांची वही ठेवली होती."

त्या वर्षी रात्री-बेरात्री फळीवरची भांडी खणखणायची, खुंटीवरचा कंदील हलायचा. गुरुजी उठून घड्याळ पाहायचे आणि वेळ, आवाज आला का, काय काय हलले, हे लिहून ठेवायचे. कशासाठी, असे विचारल्यावर ते म्हणाले, "लोक विचारायचे, मास्तर, आता काय होणार? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. निदान किती झाले, ते तरी खरं सांगता यावं."

या उत्तरात हौशी भूकंप-निरीक्षणाचे सगळे सार आहे. अशा वहीतून काय कळते आणि काय कळत नाही, हे दोन्ही समजून घेतले पाहिजे. यातला फरक कळला नाही तर माणसे इजा करून घेतात आणि क्वचित जीवही गमावतात.

धरण, पाणी आणि खडक

शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे पाणी मुंबई-ठाण्याला जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. या धरणाचे नाव भूकंपशास्त्राच्या अभ्यासातही येते, हे मात्र इथल्या तरुण पिढीला फारसे माहीत नसते. मे १९८३ पासून खर्डी परिसरात धक्के जाणवू लागले. पावसाळ्यात जलाशयाची पातळी चढली तसे ते वाढले आणि १५ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांतला सर्वांत मोठा धक्का बसला. त्याची तीव्रता पाचच्या थोडी आत होती. पुढे धक्के हळूहळू ओसरले.

धरणाने भूकंप 'तयार' होतो असे नाही. खडकातील जुन्या भेगांवर मुळातच ताण असतो. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात, त्यामुळे त्या सरकत नाहीत. जलाशय भरला की पाण्याचे वजन पडते, शिवाय पाणी भेगांमध्ये खोलवर झिरपते आणि आतला दाब वाढतो. दोन्ही बाजूंची पकड सैल होते आणि आधीच ताणलेला खडक सरकतो. कोयनेत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९६२ च्या सुमारास शिवसागर जलाशय भरू लागला, धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सहापेक्षा मोठा भूकंप झाला.

पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून असेच धक्क्यांचे सत्र सुरू झाले. तिथे चारपेक्षा थोडे मोठे धक्केही बसले. मोठ्या मुख्य धक्क्याशिवाय एकाच भागात लहान-मध्यम धक्के झुंडीने येत राहतात, तेव्हा शास्त्रज्ञ त्याला भूकंपांची झुंड म्हणतात.

सामान्य माणसाच्या नोंदीची किंमत

यंत्रे असताना गुरुजींच्या वहीची गरज काय? याचे उत्तर जुने आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाली. त्यानंतर तिथल्या सरकारने गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, किती घरे पडली, जमिनीला भेगा गेल्या का? यंत्र नसतानाही त्या उत्तरांवरून हानीचा नकाशा उभा राहिला. पुढे इटलीतील धर्मगुरू आणि ज्वालामुखीतज्ज्ञ ज्युझेप्पे मर्काली यांच्या नावाने ओळखली जाणारी मोजपट्टी आली. आज तिला बारा पायऱ्या आहेत आणि ती माणसांना काय जाणवले, घरांचे काय झाले, यावर आधारलेली आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. यंत्र सांगते तो भूकंपाचा आकार, आणि तो एका भूकंपाला एकच असतो. गावाला बसलेला हादरा मात्र गावागणिक बदलतो. एकाच ताकदीची गोळी धडधाकट माणसाला आणि अशक्त म्हातारीला सारखी लागू पडत नाही, तसेच हे. कातळावरचे घर आणि नदीकाठच्या भरावावरचे घर यांना एकच भूकंप वेगळा जाणवतो. यंत्रे दूरदूर असतात, दर वाडीत एक नसते. हा गावोगावचा फरक माणसांच्या नोंदीतूनच कळतो.

अलीकडे हौशी निरीक्षकांच्या हाती यंत्रेही आली आहेत. रास्पबेरी शेक नावाचे छोटे भूकंपमापक घराच्या फरशीवर ठेवून इंटरनेटला जोडता येते. हैती या गरीब देशात स्वयंसेवकांनी ते आपापल्या घरांत बसवले होते. १४ ऑगस्ट २०२१ रोजी तिथे ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा त्यानंतरच्या धक्क्यांचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांना या घरगुती यंत्रांच्या नोंदी कामी आल्या. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही हालचाल टिपणारा भाग असतो. हजारो फोन एकदम थरथरले की त्यावरून भूकंप ओळखणारी गुगलची यंत्रणा २०२३ मध्ये भारतातही सुरू झाली.

वहीत काय लिहावे

यंत्र नसले तरी चालेल. धक्का जाणवला की आधी सुरक्षित व्हावे, मग मोबाइलवरची नेमकी वेळ लिहावी. 'संध्याकाळी' असे न लिहिता 'सात वाजून बारा मिनिटे' असे लिहावे. आपण कुठे होतो, बसलो होतो की आडवे पडलो होतो, हेही लिहावे, कारण पडलेल्या माणसाला हलका धक्काही कळतो आणि चालणाऱ्याला कळत नाही. आवाज आला का? आधी आला की सोबत? काय हलले, काय पडले, भिंतीला नवी चीर गेली का? चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाकावी, म्हणजे ती वाढली की लगेच कळते.

आणखी एक मोजमाप कोणालाही करता येते. भूकंपाच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिली वेगवान आणि हलकी, दुसरी सावकाश आणि जोरदार. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला, यावरून आपण विजेचे अंतर ओळखतो, तसेच इथेही करता येते. पहिला हलका हिसका आणि नंतरचा जोराचा हादरा यांच्यात जितके सेकंद गेले, त्याला साधारण आठने गुणले की भूकंप किती किलोमीटरवर झाला, याचा अंदाज येतो. दोन्ही एकदमच आले आणि सुरुंग उडाल्यासारखा आवाज झाला, तर भूकंप अगदी जवळचा.

नेमक्या वेळेचा आणखी एक उपयोग आहे. शहापूर-मुरबाड पट्ट्यात दगडखाणी आहेत आणि रस्त्यांच्या कामांसाठीही सुरुंग लागतात. ते बहुतेक दिवसा, ठरावीक वेळी उडवले जातात. तुमच्या वहीतले सगळे धक्के दुपारच्या एकाच सुमाराचे निघाले, तर आधी खाणीकडे चौकशी करावी. पहाटे तीनला आणि रविवारीही येत असतील, तर तहसील कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला लेखी कळवावे. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र आपल्या संकेतस्थळावर भूकंपांची यादी प्रसिद्ध करते, तीही आपल्या नोंदींशी ताडून पाहावी.

वही काय सांगत नाही

आता कठीण भाग. धक्क्यांच्या नोंदींवरून पुढचा भूकंप सांगता येत नाही. गुरुजींना नाही, मला नाही, आणि यंत्रे वाचणाऱ्या शास्त्रज्ञांनाही नाही.

लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात १९९२ मध्ये धक्के जाणवले होते. ते थांबले, महिने गेले, आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथे सहापेक्षा मोठा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. खर्डीत मात्र धक्के वाढले, एक मोठा येऊन गेला आणि ते शमले. दोन्ही गावांत कोणी वही ठेवली असती, तर सुरुवातीची पाने सारखीच दिसली असती.

म्हणून दोन समजुती टाळाव्यात. पहिली, 'लहान धक्के बसले म्हणजे मोठा टळला.' तीव्रतेच्या एका अंकात ऊर्जेचा सुमारे ३२ पटींचा फरक असतो. सहा तीव्रतेची ऊर्जा चार तीव्रतेच्या धक्क्यांतून निघायची, तर असे जवळपास हजार धक्के लागतील. दुसरी, 'इतके धक्के म्हणजे मोठा येणारच.' बहुतेक झुंडी मोठा भूकंप न होताच विरतात.

तिसरी समजूत ज्वालामुखीची. सह्याद्री लाव्हारसाचा बनला आहे, वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाण्याचे झरे आहेत, म्हणून 'इथे ज्वालामुखी जागा होतोय' असा संदेश मोबाइलवर फिरतो. माळशेज घाटात दिसणारे काळ्या खडकाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि तो ज्वालामुखी केव्हाच विझला आहे. गरम झऱ्यांचे पाणी भेगांतून खोल जाऊन, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापून वर येते. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यान हा खराखुरा ज्वालामुखी प्रदेश आहे. तिथे वर्षाला साधारण १,५०० ते २,५०० भूकंप नोंदले जातात, त्यांतले कितीतरी झुंडीने येतात. हौशी मंडळी ते आलेख पाहतात आणि अधूनमधून अफवाही उठतात. पण तिथले शास्त्रज्ञ नुसत्या धक्क्यांवरून निष्कर्ष काढत नाहीत. जमीन उचलली जाते आहे का, वायू आणि गरम पाणी बदलते आहे का, हेही पाहतात. नुसता ताप पाहून आम्ही टायफॉइड म्हणत नाही, तसेच.

भीतीने होणारी इजा

लहान-मध्यम धक्क्यांत घर पडण्याआधी माणूस पडतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये डहाणू भागातील धक्क्यांच्या वेळी घाबरून बाहेर पळताना पडून दोन वर्षांची मुलगी दगावली. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात १७ जानेवारी १९९४ च्या भूकंपाच्या दिवशी हृदयविकाराशी संबंधित २४ आकस्मिक मृत्यू नोंदले गेले. एरवीची सरासरी दिवसाला पाचच्याही आत होती. म्हणून धक्क्यांच्या काळात रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या चुकवू नयेत. त्या उशाशी ठेवाव्यात. छातीत दुखले, दम लागला, दरदरून घाम फुटला तर 'घाबरल्यामुळे होतंय' असे म्हणत बसू नये, १०८ ला फोन करावा.

धक्के नसतानाही जमीन हलल्यासारखे वाटणे हेही नेहमीचे आहे. जपानमध्ये त्याला 'भूकंपाची नशा' अशा अर्थाचा शब्द आहे. यावर साधा उपाय म्हणजे पाण्याने अर्धा भरलेला काचेचा पेला टेबलावर ठेवणे. पाणी स्थिर असेल तर जमीन स्थिर आहे. त्रास आठवडाभर टिकला, झोप उडाली, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

भीतीने अंगणात झोपायचेच झाले तर खाट घ्यावी आणि मच्छरदाणी नीट खोचावी. आपल्या भागात मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही कमी असते, म्हणून उशीर होतो. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या तर थेट रुग्णालय गाठावे.

आणि धक्का बसत असताना? पक्क्या घरात धावू नये. मजबूत टेबलाखाली, नाहीतर आतल्या भिंतीशी बसून डोके झाकावे. दगड-मातीच्या जुन्या घरात दार दोन पावलांवर असेल तर बाहेर, भिंतींपासून लांब जावे. ते शक्य नसेल तर डोके झाकून जागीच बसावे. किल्लारीत माणसे मेली ती दगड-मातीच्या जड भिंती आणि वरचे मातीचे धाबे अंगावर येऊन. आपल्याकडचे कुडाचे घर हलके असते, वाकते, पण सहसा कोणाला चिरडत नाही. धोका आहे तो सळई-पट्टी न घालता रचलेल्या विटांच्या भिंतींचा, पत्र्यावर ठेवलेल्या दगडांचा आणि उशाशी उभ्या केलेल्या जड कपाटाचा.

मी गुरुजींना विचारले, त्या वहीचे पुढे काय केले? ते म्हणाले, "शेवटच्या पानावर घरातली कामं लिहिली होती. माळ्यावरचा पाटा खाली घ्यायचा. पडवीची भिंत उतरवून नवी बांधायची. आईची खाट दाराजवळ आणायची. धक्के कधी थांबले ते आता आठवत नाही, पण ती कामं दिवाळीच्या आत झाली."

धक्क्यांची वही कोणी ठेवणार असेल तर तिचे शेवटचे पान असेच असावे.