इंटरनेटवरचा कर शेवटी कोण भरतो?

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावर एखाद्या शाळेने इंटरनेटची जोडणी घेतली असून तिचे मासिक भाडे १००० रुपये आहे, असे धरू. शाळेच्या हाती बिल येते ते ११८० रुपयांचे. वरचे १८० रुपये म्हणजे १८ टक्के वस्तू व सेवा कर. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा.

हा झाला दिसणारा कर. दुसरा बिलात दिसत नाही. सेवा पुरवणाऱ्या कंपनीला आपल्या समायोजित महसुलाचे ८ टक्के सरकारला द्यावे लागतात. त्यांपैकी ३ टक्के परवाना शुल्क असते आणि ५ टक्के ग्रामीण व दुर्गम भागांतील सेवेसाठीच्या निधीत जातात. म्हणजे मूळ १००० रुपयांतलेही ढोबळमानाने ८० रुपये सरकारकडेच पोहोचतात.

हा कर एकदम आलेला नाही. आपल्याकडे सेवाकर १ जुलै १९९४ रोजी सुरू झाला. तेव्हा तो ५ टक्के होता आणि टेलिफोनसह फक्त तीन सेवांवर होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. २००३ मध्ये सायबर कॅफेही सेवाकराच्या कक्षेत आले. २०१६ पर्यंत दर १५ टक्क्यांवर गेला आणि १ जुलै २०१७ पासून १८ टक्के झाला.

इतर देशांतही हा वाद झाला आहे. अमेरिकेने १९९८ मध्ये इंटरनेट जोडणीवरील करांना तात्पुरती बंदी घातली आणि २०१६ मध्ये ती कायम केली. हंगेरीच्या सरकारने २०१४ मध्ये दर गिगाबाइटमागे १५० फोरिंट कर सुचवला. लोक रस्त्यावर उतरले आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

आता खरा प्रश्न पाहू. हेच ११८० रुपयांचे बिल पुण्यातील एखाद्या नोंदणीकृत कंपनीने भरले, तर ती त्यातले १८० रुपये स्वतः भरायच्या करातून वजा करून घेऊ शकते. शाळेला ती सोय नाही. शालेय शिक्षण करमुक्त असल्यामुळे शाळा फीवर कर आकारत नाही. मग वजा कशातून करणार? करमाफी मिळालेल्यालाच कराचा पूर्ण भार सोसावा लागतो. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. इंटरनेटवर मात्र १८ टक्के कायम राहिला.

सरकारची बाजूही विचारात घ्यायला हवी. गावोगावी प्रकाशतंतू पोहोचवायला पैसा लागतो आणि ५ टक्क्यांचा निधी त्याच कामासाठी आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मात्र २०२१ मध्ये, तारेने येणाऱ्या ब्रॉडबँडचा प्रसार वाढावा म्हणून परवाना शुल्कात सवलत देण्याची योजना सुचवली होती. कर उतरवला तर जोडण्या वाढतात; ठेवला तर तारा टाकायला पैसा मिळतो. मात्र सवलत कंपनीला दिली तर ती ग्राहकापर्यंत पोहोचेलच असे नाही. शाळेच्या बिलातला कर माफ केला, तर तो शाळेलाच मिळतो.

वर्गात एक उपक्रम करता येईल. विद्यार्थ्यांना घरच्या रिचार्जची रक्कम विचारावी. ती १.१८ ने भागली की मूळ किंमत मिळते, उरलेला कर. साऱ्या वर्गाचा कर एकत्र मांडला, की टक्केवारीचा धडा आपोआप नागरिकशास्त्राच्या तासात जाऊन पोहोचेल.